कुणी-नाहीचं विरजण

"विरजण काढलंस का गं?"

आत्याबाईंनी उंबऱ्यातून विचारलं आणि माझ्या हातातली पळी मडक्यातच थबकली.

मडक्यात आंबील होती. दुसऱ्या दिवशी येळवस. आमच्या औशाच्या बाजूला मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरात कुणी जेवत नाही. चुली विझवून अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोपी उभी करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे आणि पोटभर आंबील प्यायची. पहाटे मी सगळं दही घुसळलं होतं, त्या ताकात जोंधळ्याचं पीठ कालवलं होतं, मीठ घातलं होतं, ठेचलेला लसूण घातला होता. पहिल्यांदाच सगळं माझ्या हातानं केलं म्हणून मनात गुणगुणत होते.

"कसलं विरजण?" मी विचारलं.

"कसलं म्हणजे? रवी घालायच्या आधी वाटीभर दही बाजूला काढतात ते."

दापोलीला माझ्या वडिलांची खानावळ. तिथं आम्ही विरजण ताकातनंच घ्यायचो. घुसळून झालं, लोणी निघालं, की तळातलं ताक राखायचं आणि रात्रीच्या दुधाला लावायचं. इथं ताक उरलंच नव्हतं. जे होतं त्यात पीठ, मीठ आणि लसूण पोहत होते.

"नाही काढलं," मी म्हणाले.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. माझ्या सासूबाई, केवळाबाई त्यांचं नाव. पण माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्यांना नावानं हाक मारणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझ्याशीही त्या कामापुरतंच बोलत. मी जोंधळ्याची भाकरी थापायला बसले की पाठ फिरवत. माझ्या भाकरीच्या कडा फुटत, तव्यावर टाकताना तिचे तुकडे होत, आणि फुगायचं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या बाया मला 'भातखाऊ' म्हणत. आत्याबाई तेही म्हणत नसत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या मायनं दिलेलं विरजण होतं ते," त्या म्हणाल्या. "लग्नात ओटीत घालून दिलं होतं. एक दिवस खाडा नाही. दिगू झाला त्या दिवशीसुद्धा दही लावून मग बाजेवर पडले मी."

दिगू म्हणजे माझा नवरा. कचेरीला सुट्टी टाकून तो आणि मामंजी सकाळीच कोपी बांधायला रानात गेले होते. घरात आम्ही दोघीच. मला रडू यायला लागलं.

"शेजारनं आणू का?"

"शेजारचं शेजारचं असतंय."

त्यांनी एकदा धान्याच्या कणगीकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दारातून गल्लीचं दुसरं टोक दिसे. तिथं एक निळ्या चौकटीचं घर होतं.

"आपलं विरजण या गावात एकाच घरी गेलंय," त्या म्हणाल्या. "वाटणी झाली तव्हा धाकलीच्या चुलीला इस्तू मीच दिला आणि गाडगंभर विरजणही मीच दिलं."

धाकली म्हणजे गयाबाई, माझी चुलत सासू. निळ्या चौकटीचं घर त्यांचं. त्या घराशी आमचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. एका येळवशीला साऱ्या रानासमोर गयाबाई म्हणाल्या होत्या, "आक्काच्या दह्यात आंबटपणा दुधातनं येत नाही, मनातनं येतोय." रान हसलं. आत्याबाई ताटावरून उठल्या त्या उठल्याच. तेव्हापासून बांधाच्या अलीकडं आमची कोपी आणि पलीकडं त्यांची. दोघा भावांचं बोलणं चालूच होतं, बांधावर बसून तंबाखूही एकाच चंचीतली खात. पण बायका आल्या की दोघे दोन दिशांना तोंडं करून बसत.

"तू जा," आत्याबाई म्हणाल्या.

"मी?"

"मग मी जाऊ? आणि दिवे लागायच्या आत ये. दिवे लागले की कुणी विरजण देत नाही, लक्ष्मी जाती. रिकामी वाटी नेऊ नको, जोंधळ्याचे दाणे घाल तीत. आणि हे बघ," त्यांनी बोट वर केलं, "माझं नाव घ्यायचं नाही."

*

मी वाटी पदराखाली धरून गल्लीतून गेले. ऊन कलायला लागलं होतं. मार्गशीर्षातलं ऊन कसलं ते! आत्ता आहे म्हणेपर्यंत जातं.

गयाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. बुटकी, गोरी, कपाळावर आडवं कुंकू. घरात दुसरं कुणी नव्हतं. काठवटीत, म्हणजे त्या लाकडी परातीत, त्यांची भाकरी अशी फिरत होती की हात तिला फिरवतायत की ती हातांना, ते कळत नव्हतं. मला पाहून हात थांबले. भाकरी मात्र आणखी अर्धा वेढा घेऊन थांबली.

"कोण गं? दिगूची नलू का?"

"हो."

"ये की. उंबऱ्यात उभी कामून ऱ्हायलीस? उंबरा काय खातो का?"

मी आत गेले, पाया पडले, वाटी पुढं केली. "विरजण पाहिजे होतं."

त्यांनी वाटीतले दाणे पाहिले. मग मला पाहिलं.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही?"

"कुणी नाही," मी पाठ केल्यासारखं म्हणाले.

"बरं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मग कुणी-नाही बरी हाय का?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा हसावं की नाही ते कळेना.

"बऱ्या आहेत."

"कुणी-नाहीचे गुडघे दुखत होते, त्याचं काय झालं?"

"एरंडाचं तेल लावते मी रोज."

"लाव. थंडीत जास्त लाव. आणि कुणी-नाहीला म्हणावं, पहाटं उघड्या पायानं गोठ्यात जाऊ नको. नाही, म्हणू नको. मी काही बोलले नाही."

"बरं."

"आणि विरजण कसं संपलं? तिच्या घरचं विरजण संपायचं म्हणजे तेरणा नदी आटायची."

मी सगळं सांगितलं. रवी, ताक, पीठ, लसूण. लसणापर्यंत आले आणि गयाबाईंनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मलाही मग आवरेना. रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"आणि ती काय म्हणाली? मारलं का?"

"काहीच म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याशी बोलत नाहीत. माझी भाकरी फुगत नाही ना."

गयाबाईंनी तव्यावरची भाकरी उचलून निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली.

"बस इथं," त्या म्हणाल्या.

"पण विरजण..."

"विरजण कुठं पळून चाललंय? बस. हात धू. दाखव कशी करतीस."

मी बसले. पीठ घेतलं, पाणी घेतलं, चांगला मोठा गोळा मळायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"एवढं? वरात जेवणार हाय का? एका भाकरीपुरतं मळायचं. जोंधळा लई मानी असतोय, त्याला ताटकळत ठेवलं की रुसतो. आणि पाणी हे घे, आधणाचं. भाजू दे बोटं जरा. आता तळव्याच्या टाचेनं रगड. रगड गं! तुझ्या मायला कुणी दळायला लावलं नाही व्हय तुला?"

"आमच्याकडे तांदळाची करतात. उकड काढून."

"तांदूळ म्हणजे लाडाची लेक. ही जोंधळ्याची, ही कष्टाची बाई. हिला आधी रगडायचं आणि मग गोंजारायचं. आता थाप. मारू नको! बोटं पसरून नुसतं फिरवत न्यायचं. म्हण काहीतरी तोंडानं, त्याबिगर हाताला ताल येत नाही."

"काय म्हणू?"

त्यांनी डोळे मिटले. आवाज जाडाभरडा होता, पण त्याला दळणाची लय होती.

*जोंधळ्याची भाकर गं, फिरे काठवटी चांद*
*जावेच्या नि माझ्या मधी, कुणी घातीला गं बांध?*

शेवटच्या ओळीला आवाज जरा चिरकला. त्यांनी डोळे उघडले आणि जणू काही झालंच नाही अशा उठल्या.

"तीन भाकरी कर. एक तरी फुगल्याबिगर उठायचं नाही. मी म्हशीला वैरण टाकून येते."

"धाकल्या आत्याबाई, दिवे लागतील..."

"लागत नाहीत. सूर्य काय तुझ्या सासूचा नोकर हाय?"

मागच्या दारानं त्या गेल्या. मी एकटी राहिले.

पहिली भाकरी काठवटीलाच चिकटली. खाली पीठ भुरभुरायचं विसरले होते. दुसरी अख्खी तव्यावर गेली, पण पाण्याचा हात उशिरा फिरवला आणि तिला भेगा पडल्या. दारातलं ऊन उंबऱ्यावरून अंगणात सरकलं, अंगणातून भिंतीवर चढलं. गयाबाई येईनात. कसली वैरण टाकतायत इतका वेळ? उन्हाबरोबर माझा जीव वर सरकत होता. दिवे लागले तर रिकाम्या हातानं जायचं. आणि मग त्या घरात, त्या कणगीशेजारी, त्या गप्प बाईसमोर आयुष्य काढायचं.

तिसऱ्या भाकरीला मी रगड रगड रगडलं. आणि मग, कुणी ऐकत नाही असं बघून, ती ओवी म्हणायला लागले. ओवीतल्या 'बांध' शब्दाशी आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भाकरी फिरतेय. मी फिरवत नव्हते, तीच फिरत होती. कडा अखंड. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्याला लावली. एका बाजूनं तिनं आधी लहानसा श्वास घेतला. मग सगळीकडून. पांढरा पापुद्रा वर उचलला गेला आणि भाकरी गरगरीत फुगून माझ्याकडं बघायला लागली.

"फुगली!" मी ओरडले. "धाकल्या आत्याबाई, फुगली!"

"अगं, मी भैरी नाही!" गयाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. धापा टाकत होत्या. पदराखाली वाटी. "लांबनं ऐकू आलं. सगळ्या गल्लीला आलं असंल. दाव."

त्यांनी भाकरी हातावर घेतली, नखानं टिचकी मारली, उजेडाला धरली. मग एका फडक्यात गुंडाळली.

"ही कुणी-नाहीला दाखवू. चल."

"तुम्ही येताय?"

"भातखाऊच्या हातात विरजण देऊन हिंदकळू देऊ व्हय? तुझ्या दारापर्यंत येते. उंबरा चढायची नाही."

निघताना मागच्या दारातून मला त्यांचा गोठा दिसला. दावण मोकळी होती. म्हैस रानात नेली असेल, असं वाटलं. मला घाई होती.

*

सूर्य टेकला होता. आमच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. वाट बघत होत्या असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. हातात केरसुणी होती, पण अंगण केव्हाच झाडून झालेलं होतं.

गयाबाई उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडं थांबल्या. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. दोघी माझ्याकडं बघत होत्या.

"नलू," गयाबाई मला म्हणाल्या, "सांग, विरजण आणलंय म्हणून."

"नलू," आत्याबाई म्हणाल्या, "विचार, कुणाचं हाय?"

"सांग, ज्याचं होतं त्याचंच हाय. वाटणीच्या दिवशी दिलेलं. सांभाळलंय."

आत्याबाई पुढं आल्या. त्यांनी वाटीत करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. गयाबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आत्याबाईंच्या भुवया जवळ आल्या. जीभ टाळ्याला लागली. त्यांनी आणखी एकदा करंगळी बुडवली.

"हेच," त्या म्हणाल्या.

"हेच?" गयाबाईंच्या तोंडून निसटलं.

"हेच की. माझ्या मायचं. मला कळत नाही व्हय?"

मग गयाबाई अगदी हळू म्हणाल्या, "आंबट तर नाही ना, आक्का?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा 'आक्का' म्हणाल्या त्या. आत्याबाईंच्या हातातली केरसुणी खाली पडली.

"आंबट असलं तर असू दे," त्या म्हणाल्या. "मनातनं आलं असंल. ये, उंबऱ्याबाहेर काय उभी ऱ्हायलीस, उंबरा काय खातो का?"

मी हसले ते इतक्या मोठ्यानं, की दोघींनी मिळून मला दटावलं. मग मी भाकरी दाखवली. आत्याबाईंनी फडकं उलगडलं, पापुद्रा बोटानं उचलून पाहिला आणि भाकरीचे तीन वाटे केले. सगळ्यात मोठा माझ्या हातावर ठेवला.

त्या संध्याकाळी दूध कोमट करून विरजण त्यांनी स्वतः लावलं. मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं. "अंगणात दिवा लाव जा," म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी रानात एकच कोपी उभी राहिली. दुसरीचा कडबा दोघा भावांनी हसत हसत बैलांना टाकला. हुरड्यात आलेला जोंधळा डोक्याच्या वर गेलेला, मधल्या ओळीत करडईचे काटे, पायाशी हरभरा. पांडव पुजले, आंबील शिंपडली, पंगत बसली. आंबील मी केलेली होती आणि लोक दुसऱ्यांदा मागत होते.

आत्याबाईंनी दह्याचं मडकं काढलं आणि पहिली वाढ गयाबाईंच्या भाकरीवर केली. कवडीसारखं दही, सुरी लावली तर वडी पडेल असं. गयाबाईंनी घास तोंडात घातला आणि त्यांचं चावणं थांबलं. डोळे मोठे झाले.

"आक्का, हे दही..."

"काय झालं? आंबट हाय?"

"आंबट नाही." त्यांनी आणखी एक बोट चाटलं. "हे तर... आक्का!"

"गप जेव."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आणि मग दोघींना जे हसू फुटलं! गयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आत्याबाई गुडघ्यावर थापा मारायला लागल्या, दुखऱ्या गुडघ्यावर. "काय झालं, काय झालं?" मामंजी विचारत होते. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असं म्हटलं:

*विरजण लावीते गं, दूध कोमट कोमट*
*जावेच्या गं बोलण्याचं, किती धरावं आंबट?*

रान हसलं. या वेळी ताटावरून कुणी उठलं नाही.

त्यांना कशाचं हसू आलं ते मला कळलं नाही. मला वाटलं, अकरा वर्षांचं साठलेलं असेल.

*

आठ वर्षांनी ह्यांची बदली परभणीला झाली. सामान बैलगाडीत चढलं आणि आत्याबाई मला कणगीपाशी घेऊन गेल्या. कणगीच्या मागं भिंतीत एक कोनाडा होता. मी त्या घरात आठ वर्षं झाडलोट केली, पण तो कोनाडा मला माहीत नव्हता. त्यांनी आत हात घालून एक लहानसं गाडगं काढलं. फडक्यानं बांधलेलं. आत दही.

"घे. तुझ्या घराचं विरजण."

"हे इथं कशाला ठेवलंत?"

"इथंच असतंय. रोज रवी घालायच्या आधी दोन वाट्या काढते मी. एक समोर, एक इथं. एका गाडग्यावर कुणी संसार करतं व्हय?"

मी गाडग्याकडं बघत राहिले. मग त्यांच्याकडं.

"मग त्या येळवशीला? मी घुसळलं होतं तरी..."

"पहाटं तू उठायच्या आधीच काढलं होतं."

"मग मला का पाठवलंत? मी किती रडले!"

"कुणीतरी जायला नको?" त्या म्हणाल्या. "मला तर पायरी चढता येत नव्हती."

मी तशीच धावत निळ्या चौकटीच्या घरी गेले. गयाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांना म्हटलं, आत्याबाईंकडे विरजण होतं! त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला काय सांगतीस? पहिल्याच घासाला कळलं की."

"आणि तुम्ही आणलेलं?"

"माझी म्हैस दोन महिने आटली होती, विकली होती पार. कुठलं विरजण? तू चुलीपुढं भाकरीशी झटत होतीस तव्हा मी पाच घरं हिंडले. शेवटी मळ्यातल्या हौसाकडनं आणलं पळत पळत."

"म्हणजे आत्याबाईंनी चाखलं तेव्हा..."

"तिच्या जिभेला न कळायला काय झालं? मी मेल्यागत उभी होते. आणि ती म्हणती, हेच." गयाबाई हसल्या. "हेच म्हणाली गं ती."

गाडीत बसताना मी आत्याबाईंना शेवटचं विचारलं, की मग त्यांनी हौसाचं विरजण टाकून दिलं का. त्यांना राग आला.

"टाकू? अकरा वर्षांनी पळत आणलेलं टाकू? दोन्ही लावलं एकाच दुधाला."

*

आता मी पुण्यात असते. दोघी गेल्या, एकीच्या मागं दुसरी, चारच महिन्यांच्या अंतरानं. गाडगं अजून आहे. त्यातलं दही कुणाच्या मायचं आणि कुणाच्या मळ्यातलं, ते आता कुणाला सांगता यायचं नाही.

मागच्या आठवड्यात माझी सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तोंड उतरलेलं.

"आई, चुकलं माझं. सगळ्या दह्याची कढी केली. विरजण काढायचं राहूनच गेलं."

फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या डब्यामागं माझी दुसरी वाटी असते. मी तिकडं पाहिलं. मग मी मटकन खुर्चीत बसले, कपाळाला हात लावला, आणि आपल्या इमारतीत सध्या आपण कुणाशी बोलत नाही, ते आठवायला लागले.

"दुसऱ्या मजल्यावर जा," मी म्हणाले. "दिवे लागायच्या आत. आणि माझं नाव घेऊ नको."